उन्हाळ्यातील देवदर्शन आणि उष्माघात

चैत्र प्रतिपदेस गुढी उभी राहिली की देवालयांतील नित्योपचारांत एक बदल घडून येतो. पंढरपुरास श्रीविठ्ठल व रुक्मिणीमाता यांना गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनाची उटी लावली जाते. शिवालयांत पिंडीवर जलपात्र टांगून दिवसभर थेंब थेंब धार धरली जाते. आपल्या पुण्यात श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीस वैशाखात शहाळ्यांचा महानैवेद्य अर्पण होतो आणि ती शहाळी पुढे ससून रुग्णालयातील रुग्णांच्या मुखी लागतात. घरोघरी चैत्रगौर बसते. तिच्या हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनींना कैरीची वाटली डाळ आणि पन्हे दिले जाते. अक्षय्य तृतीयेस पाण्याने भरलेल्या कुंभाचे दान सांगितले आहे. देवास उन्हाळा बाधू नये म्हणून इतकी काळजी वाहणारा भाविक स्वतः मात्र भर दुपारी, उपाशीपोटी, अनवाणी पायांनी दर्शनरांगेत उभा असतो. भाविकांनी दर्शनास येण्यापूर्वी पुढील मजकूर अवश्य वाचावा आणि बरोबरच्या वडीलधाऱ्या मंडळींनाही वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.

पुण्याची हवा थंड, हा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. कोकणातून वा मुंबईहून येणारे यात्रेकरू तर ‘पुण्यात कसला उन्हाळा’ असे म्हणूनच निघतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि २०१९ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस पारा पुन्हा ४३ अंशांवर जाऊन पोहोचला. पूर्वी संध्याकाळी सुटणाऱ्या वाऱ्याने रात्र तरी सुखाची जात असे. आता वडगाव शेरी, मगरपट्टा, कोरेगाव पार्क अशा दाट बांधकामाच्या भागांत रात्रीचा उकाडाही पाषाणसारख्या मोकळ्या परिसराहून बराच अधिक असतो. रात्री देहाला विसावा मिळाला नाही, की दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून येथे आले होते. तेथून जो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तो सावलीतला असतो. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचा तो आकडा. पर्वतीच्या पायऱ्यांचा नव्हे, देवळाच्या प्रांगणातल्या फरशीचा नव्हे आणि लोखंडी कठड्याचाही नव्हे. वर्तमानपत्रात ३९ अंश लिहिले असले तरी दुपारी दीड वाजता काळ्या पाषाणावर पाऊल ठेवणाऱ्याचा अनुभव त्या आकड्यात मावत नाही.

आकड्यावर विसंबून राहणे किती घातक ठरते याचे दुःखद उदाहरण आपल्या राज्यातच घडले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास लाखो श्रीसदस्य मोठ्या श्रद्धेने जमले होते. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील मनुष्य ज्यास उन्हाळा म्हणणार नाही, एवढेच. परंतु मैदान उघडे, डोक्यावर छत नाही, समुद्राकाठची दमट हवा आणि तासन् तास बैठक. चौदा जणांचे प्राण गेले. त्यांपैकी बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हते, असे शवविच्छेदनाच्या ज्या बातम्या पुढे प्रसिद्ध झाल्या त्यांत म्हटले होते. त्यानंतर उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत शासकीय कार्यक्रम उघड्यावर घेऊ नयेत, असे राज्य शासनाने जाहीर केले. भक्ताची श्रद्धा कितीही दृढ असली तरी रक्तमांसाच्या देहाचे नियम बदलत नाहीत. हे कटू वाटले तरी यात्रेस निघणाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

ते नियम तसे सोपे आहेत. आपले शरीर सुमारे ३७ अंशांवर राहू इच्छिते. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला तरच अंग निवते. दमट हवेत घाम वाळत नाही, तो अंगावरून ओघळून जातो आणि आतील उष्णता आतच राहते. पुण्याच्या कोरड्या चैत्रात याच्या उलट घडते. घाम येतो त्याच क्षणी वाळतो, सदरा कोरडाच राहतो, आणि आपल्या शरीरातून किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. त्यातच वय वाढेल तशी तहानेची जाणीव मंदावत जाते. म्हणून ‘तहान लागली की पिऊ’ हे धोरण ज्येष्ठांनी ठेवू नये. तान्ह्या मुलास तहान सांगता येत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणारे, तसेच मानसिक आजारावरील काही औषधे घेणारे यांच्या शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती कमी झालेली असते. अशांनी यात्रेपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. परस्पर गोळी बंद करू नये. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनीही किती प्यावे हे आधीच विचारून घ्यावे.

शरीरास उन्हाची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. परदेशातून सुट्टीसाठी आलेली मंडळी विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी आजी-आजोबांना घेऊन पाच देवळे ‘उरकण्यासाठी’ निघतात, त्यांना ही सवय नसते आणि आजोबांना ती शक्ती नसते. एका दिवशी एकच देऊळ, आणि तेही सकाळी, असे ठरविल्यास दर्शनही शांतपणे होते.

थकवा कोणता आणि उष्माघात कोणता

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल.

उन्हाने थकलेला मनुष्य डोके दुखते म्हणतो, त्यास मळमळते, घाम सुटतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. परंतु तो शुद्धीवर असतो, आपले नाव-गाव सांगतो, बरोबर कोण आहे ते ओळखतो. अशास सावलीत निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, वारा घालावा आणि घोट घोट मीठ-साखरेचे पाणी द्यावे. अर्ध्या तासात बहुधा तरतरी येते. न आल्यास, अथवा उलट्या थांबत नसल्यास, रुग्णालयात न्यावे. तरतरी आली तरी त्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहू नये. देवळाच्या कळसाचे दर्शनही शास्त्राने पुण्यप्रदच मानले आहे.

उष्माघात ही निराळी गोष्ट आहे. येथे शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडू लागते. मनुष्य असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, झोकांड्या खातो, मुलांना ओळखत नाही, कधी आकडी येते, कधी बेशुद्ध पडतो. अंगास हात लावला तर चटका बसेल इतके ते तापलेले असते. उष्माघातात त्वचा कोरडी पडते असे आपण शाळेपासून वाचत आलो. परंतु पायऱ्या चढून वा चालून आलेल्या माणसाचे अंग घामाने भिजलेले असतानाही उष्माघात होतो. म्हणून घामावरून निदान करू नये, बोलण्यावरून करावे. साधे प्रश्न विचारावेत: तुमचे नाव काय, आज वार कोणता, कोणाबरोबर आलात? उत्तरे चुकू लागली आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा आणि एक क्षणही दवडू नये.

देवळाच्या आवारात याविषयी एक विशेष घोटाळा होतो. रांगेतील एखादी बाई घुमल्यासारखी करू लागली, डोळे फिरवू लागली, काही तरी पुटपुटू लागली, की भोवतालची मंडळी ‘देवीचा संचार झाला’ म्हणून हात जोडतात, मळवट भरतात, लिंबू उतरवितात. संचाराविषयी वाद घालण्याचे हे स्थान नव्हे आणि ती वेळही नव्हे. परंतु ऊन तापलेले असताना असे घडले, तर प्रथम त्या बाईच्या अंगावर भरपूर गार पाणी ओतावे. संचार असेल तर पाण्याने काही बिघडत नाही. उष्माघात असेल तर जीव वाचतो. हीच गोष्ट चप्पल वा कांदा हुंगविण्याची. त्याने रुग्ण बरा होत नाही, आणि हाती असलेली मोलाची मिनिटे निघून जातात.

मधुमेहाच्या गोळ्या वा इन्शुलिन घेऊन उपवास करणाऱ्यांची साखर उतरली, तरी असेच असंबद्ध बोलणे होते. रुग्ण गिळू शकत असेल तर त्यास साखरेचे पाणी किंवा पेढा द्यावा. अंग निवविण्याचे काम मात्र त्यासाठी थांबवू नये.

आधी गार करावे, मग न्यावे

अनेकांची समजूत अशी की तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी घातले तर झटका बसून मनुष्य दगावतो. या समजुतीने आजवर पुष्कळ अनर्थ केला असेल. उष्माघातात दगावतो तो मनुष्य आतील उष्णतेने. आणि ती पहिल्या अर्ध्या तासात उतरविली तर वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणून रिक्षा शोधत बसण्याआधी, नातेवाइकांची वाट पाहण्याआधी, आहे त्या जागेवर गार करण्यास सुरुवात करावी. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णास सावलीत ओढून घ्यावे. वरचे जाड कपडे काढावेत. स्त्री रुग्ण असल्यास बरोबरच्या स्त्रियांनी चादरीचा आडोसा धरावा, पण संकोचापायी पाणी घालणे थांबवू नये. नळाचे, हौदाचे, माठाचे, जे मिळेल ते पाणी डोक्यापासून पायापर्यंत सतत ओतावे आणि उपरण्याने, पुठ्ठ्याने, हाती लागेल त्याने जोराने वारा घालावा. ओल्या अंगावरचा वारा हेच येथले खरे औषध. प्रसादाच्या दुकानात बर्फ मिळाला तर तो फडक्यात बांधून मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. रुग्णालयात नेतानाही ओले फडके आणि वारा चालूच ठेवावा.

बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट अवस्थेतील माणसाच्या तोंडात पाणी, सरबत किंवा तीर्थ मुळीच घालू नये. भावना चांगली असते, पण ते पाणी श्वासनलिकेत जाते. त्यास कुशीवर वळवून ठेवावे. तापाची गोळीही देऊ नये; जंतूंमुळे आलेला ताप आणि उन्हाने तापलेले अंग या भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

उपवास, नवस आणि अनवाणी पाय

आजचा उपवास मोडावा का, असा प्रश्न वयोवृद्ध भाविक पुष्कळदा विचारतात. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांच्या सेवनाने व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्रकारांनी स्पष्ट सांगून ठेवले आहे. गुरूच्या आज्ञेनेही व्रत भंगत नाही, असेही म्हटले आहे. बालक, वृद्ध, रोगी आणि गर्भवती यांच्यावर तर व्रताची सक्ती नाहीच. ज्येष्ठातील निर्जला एकादशी ज्यांना करावयाची असेल त्यांनी ती घरी, सावलीत करावी. त्या दिवशी दुपारच्या रांगेत उभे राहू नये. इतर उपवासाच्या दिवशी निघताना ताक, शहाळे, केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू घ्यावा. नुसता चहा घेऊन निघणे हे पुणेकरांचे जुने खूळ आहे आणि ते उन्हाळ्यात महाग पडते.

मीठ-साखरेचे पाणी घरी करताना एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ अधिक घालणे अपायकारक आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी तीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी. चव आवडत नाही म्हणून अर्धी पुडी किंवा दुप्पट पाणी असे करू नये. पन्हे, कोकम सरबत, लिंबाचे सरबत ही सर्व उत्तम. रस्त्यावरील बर्फाचा गोळा आणि न झाकलेला उसाचा रस यांपासून मात्र दूर राहावे, कारण जुलाब लागल्यास उरलेसुरले पाणीही शरीरातून निघून जाते. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. गर्दीत प्रसाधनगृह सापडणार नाही या भीतीने कित्येक भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांची अडचण खरी आहे. त्याचा दोष त्यांना न देता देवस्थानांनी स्वच्छ प्रसाधनगृहे रांगेच्या जवळ बांधणे, हाच त्यावर उपाय आहे.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर श्रीदेवदेवेश्वराचे मंदिर १७४९ साली बांधले. तेथे जाणाऱ्या १०३ पायऱ्या रुंद आणि उघड्या आहेत. पुणेकर ती टेकडी पहाटे चढत आले आहेत, यात मोठे शहाणपण आहे. बाहेरगावच्या भाविकांनीही सकाळी दहापूर्वी किंवा सायंकाळी पाचनंतर चढावे. चैत्रात कावडीबरोबर शिखर शिंगणापूरला जाणारे, तसेच ज्येष्ठात आळंदी-देहूच्या पालख्यांबरोबर चालणारे, यांना वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. २०२३ साली पावसाने ओढ दिली आणि पालख्या पुण्याहून पुढे निघाल्या तेव्हा ऊन चैत्रासारखेच होते. अशा वेळी डोक्यावर ओला पंचा, सुती सैल कपडे आणि दिंडीतील प्रत्येकास एक जोडीदार असावा. जोडीदाराचे काम एवढेच, की अधूनमधून दुसऱ्याशी बोलावे आणि तो नीट बोलतो आहे ना हे पाहावे.

अनवाणी चालण्याचा नवस असणाऱ्यांपैकी ज्यांना जुना मधुमेह आहे, त्यांनी विशेष सावध असावे. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. फरशी पोळते हे त्यांना कळतच नाही, आणि संध्याकाळी पाहावे तो तळव्यास फोड आलेले असतात. ती जखम महिनोन् महिने भरत नाही. सुती मोजे घालून प्रदक्षिणा करण्यास बहुतेक देवस्थानांत कोणाची हरकत नसते. तरीही सेवेकऱ्यास एकदा विचारून घ्यावे.

देणगीदारांसाठी

आई-वडिलांच्या स्मरणार्थ देवळास काही द्यावे, ही इच्छा अत्यंत स्तुत्य आहे. उन्हाचा विचार करता एक सूचना करावीशी वाटते. उघड्या प्रांगणात काळी, गुळगुळीत ग्रॅनाइटची फरशी बसवून देण्याची अलीकडे फार हौस दिसते. ती दिसते सुंदर. परंतु दुपारी तीवर उभे राहवत नाही. त्याऐवजी फिक्या रंगाचा दगड द्यावा, किंवा प्रदक्षिणेच्या मार्गावर पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि काथ्याच्या चटया द्याव्यात. चटया दिवसातून काही वेळा भिजविण्यासाठी एखाद्या सेवेकऱ्याचे मानधन दिले तर फारच उत्तम. रांगेवरील मांडव पत्र्याचा नसावा, कारण पत्रा तापून खाली भट्टी होते. कापडी छत किंवा शाकारलेला मांडव, चहूबाजूंनी वारा खेळता असलेला, अधिक सुखाचा. कडुनिंब, पिंपळ आणि बकुळ यांची रोपे लावून देणाऱ्याने पाच वर्षे त्यांना पाणी घालण्याची सोयही लावून द्यावी. वृक्षारोपणाचे छायाचित्र निघते आणि पुढच्या उन्हाळ्यात खड्डा तेवढा राहतो, असे होऊ नये.

पाणपोई घालणाऱ्यांनी माठ सावलीत ठेवावेत, रोज रिकामे करून घासावेत, आणि लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे म्हणजे हात बुडत नाहीत. पाणपोई दर्शनमंडपाच्या प्रवेशद्वारी असते, पण रांगेच्या मधोमध अडकलेल्यास तेथवर येता येत नाही. म्हणून शक्य तेथे रांगेच्या आतूनच पाणी फिरविणारा मनुष्य असावा. प्रथमोपचाराच्या खोलीस जलसंजीवनीच्या पुड्या, तापमापक, एक मोठा पंखा, चादरी, बर्फाची पेटी आणि लांब रबरी नळी एवढे साहित्य दिले तरी पुरे. नळी अशी असावी की ती दर्शनरांगेच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचेल.